प्रतिसाद: मंद तारा लांबचा की मुळातच मंद?

वर विचारलंय, की तारा मंद दिसतो तो लांब असल्यामुळे की मुळातच मंद असल्यामुळे, हे कळतं कसं? सेफिड म्हणजे ठरावीक दिवसांनी तेज कमीजास्त होत राहणारे तारे, आणि त्यांचं सगळं महत्त्व इथेच आहे.

खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ मध्ये लघु मॅजेलन मेघातले (आपल्या आकाशगंगेशेजारची छोटी दीर्घिका) २५ सेफिड तपासले. सगळे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे तेजातला फरक खराच फरक होता, आणि आवर्तकाल (तेजाचं एक चक्र पुरं व्हायला लागणारे दिवस) जितका मोठा तितका तारा तेजस्वी, हे लख्ख दिसलं. दिवस मोजा, खरं तेज कळतं. दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, अंतर निघतं. १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला देवयानीत (अँड्रोमेडा) असा तारा सापडला आणि ती आकाशगंगेबाहेरची दीर्घिका ठरली. त्याचं अंतर मात्र ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आलं, आज आपण २५ लाख मानतो. सेफिड दोन जातींचे असतात, हे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडने पुढे दाखवलं तेव्हा मोठी दुरुस्ती झाली.

पुण्यातल्यांनी पाऊस सरला की सिंहगड-पानशेतच्या बाजूला जाऊन ईटा गरुड हा सेफिड जरूर पाहावा. गरुड तारकासमूहातल्या श्रवण या ठळक ताऱ्याच्या दक्षिणेला आहे, दुर्बीण लागत नाही. श्रवणाच्या दोन बाजूंच्या ताऱ्यांपैकी जो फिकट, त्याच्याशी रोज तुलना करा: कधी ईटा किंचित सरस, कधी स्पष्ट फिका. आवर्तन सव्वासात दिवसांपेक्षा थोडं कमी.