मदत हवी आहे: आईला साधी सर्दी आहे की फ्लू? लवकर सांगा

निवडुंग (मंगळवार, संध्या. ७:१०)
आईला ताप, खोकला आणि अंगदुखी आहे. केमिस्टकडून सर्दीच्या गोळ्या आणल्यात. घेतली की ताप उतरतो, पाच-सहा तासांनी परत चढतो. शेजारच्या काकू म्हणतात पावसाळी हवा आहे, सर्दीच असणार. बहीण म्हणते फ्लू. नेमकं ओळखायचं कसं? उद्या सकाळी मला ऑफिसला जायचंय, प्लीज लवकर सांगा.

साकव (७:१६)
यावरून काहीच सांगता येणार नाही. ताप किती, आणि थर्मामीटर काखेत लावला की जिभेखाली? नाक वाहतंय का? वय काय? आणि सुरुवात कधी झाली? नुसता दिवस नको, वेळ सांगा.

अमृतवेल (७:१९)
आलं, तुळस, गवती चहा, चार मिरी आणि गुळाचा खडा. दोन कप पाणी आटवून एक कप करा, दिवसातून तीनदा द्या. जोडीला वाफ. सर्दी असो की फ्लू, उपाय एकच.

निवडुंग (७:२४)
ताप १०२, काखेत. नाक जवळजवळ कोरडं. काल सुरू झालं.

साकव (७:३५)
काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतो, म्हणजे ताप १०२ च्या वरच धरा. शिवाय तो गोळीचा अंमल असताना मोजलाय की उतरल्यावर, हेही लिहिलेलं नाही.

फरक नाकावरून शोधू नका, सुरुवातीवरून शोधा. सर्दी दबकत येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग पाण्यासारखं नाक, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते चोंदतं. मोठ्या माणसाला ताप आलाच तर जेमतेम, आणि तो घरात हिंडत-फिरत असतो. फ्लू काही तासांत आडवं करतो: हुडहुडी, चढता ताप, डोळ्यांमागे ठणका, कंबर-पोटऱ्या मोडून येणं, कोरडा खोकला. नाक वाहिलं तरी तक्रार नाकाची नसते. म्हणून वेळ विचारतोय.

निवडुंग (७:४१)
काल दुपारी चारच्या सुमारास. गवार निवडत बसली होती, एकदम थंडी वाजायला लागली. अर्धी गवार तशीच ताटात ठेवून दोन चादरी घेऊन झोपली. सकाळी अगदी ठीक होती.

साकव (७:४४)
हे वर्णन सर्दीचं नाही. वय अजून सांगितलं नाहीत.

गारवेल (७:४६)
अॅझिथ्रोमायसिन ५००, रोज एक, तीन दिवस. विषय संपला.

साकव (७:५०)
कृपा करून असं लिहू नका, कोणीतरी खरंच देईल. सर्दी आणि फ्लू दोन्ही विषाणूंचे, अँटिबायोटिक त्यांच्यावर चालत नाही. ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा चढला, पिवळा-गंजासारखा कफ किंवा छातीत टोचणं सुरू झालं, तर वर जिवाणूंचा न्यूमोनिया झाला असू शकतो. तिथे अँटिबायोटिक लागतं, तेही डॉक्टरांनी तपासून.

माचीवर (७:५३)
साकव, तुम्ही फ्लूच धरून चाललात. पुण्यात या दिवसांत डेंगीही असतो, आणि हुडहुडी, डोळ्यांमागचा ठणका, मोडलेलं अंग हे सगळं त्यातही येतं. खोकला आहे म्हणून पारडं फ्लूकडे झुकतं, एवढंच. डेंगीची एनएस१ रक्तचाचणी पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची, सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. तोवर आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक काहीही नको, रक्तस्रावाचा धोका असतो. फक्त पॅरासिटामॉल.

साकव (७:५६)
बरोबर, ते राहिलं होतं. निवडुंग, केमिस्टने दिलेल्या पाकिटामागे काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. आणि वय!

निवडुंग (८:०४)
पॅरासिटामॉल ५००, फिनाइलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. ताप जास्त वाटला म्हणून मध्ये डोलो ६५० पण देतोय. वय ६८. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्या बंद केलेल्या नाहीत.

साकव (८:१२)
हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता थांबू नका.

डोलो म्हणजे पॅरासिटामॉलच, आणि सर्दीच्या गोळीतही तेच आहे, म्हणजे तुम्ही एकच औषध दोन नावांनी देताय. यकृतावर भार येतो तो असाच. फिनाइलएफ्रिनने बीपी वाढतं, क्लोरफेनिरामिनने या वयात गुंगी येते, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. सर्दीची गोळी बंद करा. नुसतं पॅरासिटामॉल द्या, दोन डोसांत सहा तास अंतर, आणि आजवर किती गेलं ते कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवा.

फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिविर. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोग. काल दुपारी चारपासून मोजा: उद्या दुपारी चार. ६५ च्या पुढचं वय आणि मधुमेह असताना डॉक्टर सहसा रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात, उशीर झाला तरी देतात. झटपट चाचणी निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असंही होत नाही. संध्याकाळचे दवाखाने अजून उघडे आहेत, आत्ता निघा.

अमृतवेल (८:१५)
एवढं घाबरवायची गरज नाही. काढा दिला तर काय बिघडतं?

माचीवर (८:१८)
गूळ बिघडवतो. तापात मधुमेह्याची साखर आधीच चढलेली असते. बिनगुळाचा, कोमट, घसा शेकायला द्यायचा तर द्या, पण त्यासाठी दवाखाना लांबवू नका. आणि ६८ वर्षांच्या बाईपुढे उकळतं पातेलं ठेवून वाफ नको. कलंडलं की मांड्या भाजतात, विषाणू त्याने मरत नाही.

पारिजातक (८:२१)
माझा मुलगा सात वर्षांचा आहे, फ्लूची लस द्यावी का? २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, तेव्हापासून धास्ती आहे.

साकव (८:२५)
त्या स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता हंगामी फ्लूचाच भाग आहे आणि लशीत असतो. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. साधी सर्दी लशीने थांबत नाही. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे आईंचं चाललंय.

निवडुंग (८:२७)
निघतोय. सोबत काय नेऊ?

साकव (८:२९)
चालू गोळ्यांची सगळी पाकिटं आणि शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट. ऑसेल्टामिविरचा नेहमीचा डोस ७५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, पाच दिवस, पण किडनीचं काम कमी असेल तर तो कमी करावा लागतो. आईंचं जेवण तुटलंय हे सांगा, म्हणजे शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. ऑक्सिमीटर असेल तर निघण्याआधी बोटाला लावा. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला, धाप लागत असेल किंवा बोलणं असंबद्ध वाटलं, तर दवाखाना नको, थेट हॉस्पिटल.

निवडुंग (८:३३)
९६ आहे. रिक्षा आली.