सिग्नलला गाडी गरम होते, दोन्ही रेडिएटर पंखे फिरतच नाहीत

धायरीकर (प्रश्न)

माझी बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक पुण्यात रोज धायरीहून शिवाजीनगरला जाते. गेल्या पंधरवड्यापासून वाहत्या रस्त्यावर तिचे तापमान व्यवस्थित असते, पण नवले पुलाखाली किंवा स्वारगेटच्या सिग्नलला आठ-दहा मिनिटे अडकले की काटा मध्यावरून वर सरकू लागतो. त्याच वेळी एसीची हवाही कोमट होते आणि गाडी पुन्हा धावू लागली की दोन्ही गोष्टी जागेवर येतात. बॉनेट उघडून पाहिले तेव्हा रेडिएटरचा आणि एसीचा गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरचा असे दोन्ही पंखे निश्चल होते. एसी लावल्यावरही ते फिरत नाहीत.

कुलंटची पातळी बरोबर आहे, ४० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. पंख्याचा रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला. एसी लावताच तो 'टक्' असा वाजतो. रेडिएटरच्या पंख्याच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) टेस्ट लॅम्प लावला तर तोही पेटतो. एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलायला सांगितले, दुसऱ्याने दोन्ही मोटारी नव्या टाकायला सांगून साडेअकरा हजारांचा आकडा काढला. एवढा खर्च करण्याआधी नेमका दोष कुठे आहे हे मला समजून घ्यायचे आहे.

जुना वायरमन

आपण एसीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण त्यातूनच सेन्सरवरचा आरोप बराचसा दूर होतो. कुलंटचा सेन्सर इंजिनाचे तापमान ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतो आणि साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास ईसीयू पंख्याचा रिले ओढतो. परंतु बहुतेक गाड्यांत एसी सुरू होताच, इंजिन कितीही थंड असले तरी, पंखा फिरलाच पाहिजे. आपल्या गाडीत एसी लावल्यावर रिले वाजतो, याचा अर्थ हुकूम सुटतो आहे आणि तो रिलेच्या गुंडाळीपर्यंत पोहोचतोही आहे. दोष त्याच्या पुढे आहे.

आता टेस्ट लॅम्पविषयी. हा दिवा जेमतेम पाव अँपिअर घेतो, तर पंख्याच्या मोटारीला दहा-पंधरा अँपिअर लागतात. तार आतून कुजून तिचे दोन-तीनच धागे शिल्लक असले, तरी तो दिवा झळझळीत पेटेल आणि मोटार मात्र हलणार नाही. म्हणून हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब घ्यावा, त्याला दोन वायरी जोडाव्यात आणि तो त्याच कपलरवर लावून पाहावा. तो मिणमिणला तर वायर, कपलर किंवा अर्थिंग यांपैकी काहीतरी खराब आहे असे समजावे.

एक सूचना मात्र आधीच करून ठेवतो. हे काम करताना हात, टॉवेल किंवा शर्टाची बाही पात्यांपासून दूर ठेवावी, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये. आत सुमारे एक बारचा जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही; झाकण फिरवताच दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते.

कात्रज घाटवाला

माझ्या जुन्या गाडीला हाच त्रास होता. मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे कुलंट अडवणारी झडप) काढून टाकला आणि पंख्याला डॅशबोर्डवर वेगळे बटण दिले. चार वर्षे झाली, काही तक्रार नाही. इतकी मोजमापे करत बसण्यापेक्षा पंखा डायरेक्ट करून टाकावा, असे माझे मत आहे.

नाना पेठेतला ग्राहक

घाटवाले दादांच्या अनुभवाविषयी आदर ठेवूनही मला असहमती नोंदवावी लागत आहे. थर्मोस्टॅट काढल्यावर वाहत्या रस्त्यावर इंजिन आवश्यक तेवढे तापत नाही, ईसीयू त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो आणि सिग्नलला उभे राहिल्यावर हवाच खेळत नसल्याने गाडी गरम व्हायची ती होतेच. वेगळ्या बटणाचे म्हणाल तर ते दाबायला एकदा विसरले, की इंजिनाचे अॅल्युमिनियमचे हेड वाकायला तेवढे पुरते.

मूळ प्रश्नात मला खटकलेली गोष्ट अशी की दोन मोटारी एकाच पंधरवड्यात कशा बंद पडतील? काही गाड्यांत कमी वेगासाठी दोन्ही पंखे एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात, जेणेकरून प्रत्येकाला निम्मेच व्होल्ट मिळतात आणि ते हळू फिरतात. तापमान आणखी चढले की उरलेले रिले ओढले जातात आणि दोन्ही पंखे स्वतंत्रपणे पूर्ण वेगाने फिरू लागतात. आपल्याकडे दिवाळीत लावतात त्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात जायची, तसेच इथे एका मोटारीचे कार्बन (आत वीज पोहोचवणारे घासते तुकडे) संपले की दोघीही गप्प होतात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर पंख्याचे दोन-तीन रिले दाखवलेले असतील, तर ही शक्यता नक्की तपासावी. आपण त्यांतला एकच रिले बदलून पाहिला आहे.

तपासणी सोपी आहे. एसी लावून टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला धरावी आणि दुसरी पहिल्या मोटारीत शिरणाऱ्या वायरवर, मग तिच्यातून बाहेर पडणाऱ्या वायरवर, मग मधल्या रिलेवर आणि शेवटी दुसऱ्या मोटारीत शिरणाऱ्या वायरवर लावत जावे. दिवा जिथे विझेल, त्याच्या नि आधीच्या जागेच्या मधोमध वाट तुटली आहे. दोष पक्का होईपर्यंत गर्दीत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावावा. मे महिन्यात ते शिक्षेसारखे वाटते, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे.

धायरीकर

काल सुट्टी असल्याने सकाळीच बसलो. झाकणावर खरोखरच पंख्यांचे तीन रिले होते. रेडिएटरच्या मोटारीत जाणाऱ्या वायरवर दिवा पेटला, बाहेर येणाऱ्या वायरवर विझला. वायरमनकाकांच्या सांगण्यानुसार हेडलाइटचा बल्बही आत जाणाऱ्या वायरवर लावला आणि तो थोडा मंदच पेटला, म्हणून कपलर ओढून पाहिला, तर त्याची एक पिन सैल होऊन भोवतालचे पांढरे प्लास्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते.

त्यानंतर दोन्ही कपलर काढून मोटारींना बॅटरीवरून सरळ वीज दिली. कंडेन्सरची मोटार लगेच फिरली. रेडिएटरची गप्पच राहिली. पाते काठीने ढकलल्यावर एकदा घरघरली आणि पुन्हा थांबली. मोटार उघडून घेतली तेव्हा आतून काळी भुकटी पडली आणि एक कार्बन इतका झिजलेला होता की त्याची स्प्रिंग मोकळीच लोंबत होती. कार्बन ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरवर मात्र खोल चर नव्हते, त्यामुळे दोन्ही कार्बन आणि कपलर बदलून भागले. सेन्सरला हातही लावला नाही.

संध्याकाळी उभ्या गाडीत एसी बंद ठेवून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) तापमान पाहिले. ९६ अंशांवर दोन्ही पंखे हळू फिरू लागले आणि ९१ वर थांबले. एक शंका मात्र उरते: अधिक तापमानाला कंडेन्सरचा पंखा तरी स्वतंत्रपणे फिरायला हवा होता, मग तो मला कधीच कसा दिसला नाही?

नाना पेठेतला ग्राहक

तेवढ्या तापमानापर्यंत आपण गाडी जाऊ दिलीच नसावी. काटा सरकू लागला की आपण इंजिन बंद करत असाल, आणि तो मोठा वेग काही गाड्यांत १०५ अंशांच्याही पुढे येतो. पुष्कळ गाड्यांत काटा ८० पासून साधारण १०० अंशांपर्यंत मध्यावरच बसवून ठेवलेला असतो, त्यामुळे तो हलला याचाच अर्थ मजल बरीच पुढे गेली होती.

जुना वायरमन

दुसऱ्या मोटारीचे वयही तेवढेच आहे. तिचेही कार्बन एकदा उघडून पाहावेत, आणि नव्या कपलरच्या पिना महिन्याभराने हाताला गरम लागतात का ते तपासावे.