एमबीएला प्रवेश घेण्यापूर्वी लेखाशास्त्र कोठवर शिकावे? टॅलीचा वर्ग लावावा का?

प्रश्न – यंत्रशाळा

नमस्कार. मी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवीधर असून चाकणच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करते. येत्या जुलैपासून पुण्यात एमबीएला सुरुवात करणार आहे. पहिल्याच सत्रात लेखाशास्त्राचा अनिवार्य विषय आहे आणि दहावीनंतर वाणिज्याशी माझा कधीही संबंध आलेला नाही. माझ्या हाती सुमारे दोन महिने आहेत व रोज तासभर अभ्यास करणे शक्य आहे. घराजवळच्या एका संस्थेत टॅली या हिशेब ठेवण्याच्या संगणक-प्रणालीचा अभ्यासक्रम आहे, तो करावा असे काहींनी सुचवले. दुसरे असे की, नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) यांचे सुवर्ण नियम मी पाठ केले आहेत, तरीही बँकेत भरलेले पैसे पासबुकात 'जमा' दिसतात आणि माझ्या स्वतःच्या वहीत मात्र बँकेचे खाते 'नावे' का करायचे, हे मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – खतावणी

टॅलीचा वर्ग लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखा विभागात नोकरी करणाऱ्याला टॅली यायलाच हवे. परंतु त्यात व्हाउचर, म्हणजे एकेका व्यवहाराची नोंद, भरले की खतावणी (खातेनिहाय नोंदी), तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) आणि ताळेबंद (मालमत्ता व देण्यांचे पत्रक) आपोआप तयार होतात, आणि नेमके जे तेथे आपोआप घडते तेच आपल्याला समजून घ्यायचे आहे.

पासबुकाविषयीची आपली शंका रास्त आहे. पासबुक ही बँकेच्या वहीतील आपल्या खात्याची नक्कल असते. आपण भरलेली रक्कम बँकेला कधीतरी परत करायची असते, म्हणून तिच्या दृष्टीने ते देणे असते आणि देणे वाढले की जमेची नोंद होते. तीच रक्कम आपल्या दृष्टीने येणे, म्हणजेच मालमत्ता असते आणि मालमत्ता वाढली की नावे पडते. वैयक्तिक, वास्तविक आणि नामधारी अशा तीन प्रकारच्या खात्यांचे ते सुवर्ण नियम घोकण्यापेक्षा 'मालमत्ता = देणी + भांडवल' हे एकच समीकरण हाताशी ठेवावे. मालमत्ता व खर्च वाढले की नावे, आणि देणी, भांडवल व उत्पन्न वाढले की जमा, एवढ्यावर बहुतेक सर्व नोंदी उलगडतात.

आता पुढील उदाहरण कागदावर सोडवावे. एका व्यक्तीने ५,००,००० रुपये भांडवल घालून व्यवसाय सुरू केला, त्यांतील २,००,००० रुपयांचे यंत्र घेतले आणि १,५०,००० रुपयांचा माल रोखीने खरेदी केला. वर्षभरात तो सर्व माल २,४०,००० रुपयांना उधारीवर विकला गेला, पण ३१ मार्चपर्यंत त्यांपैकी ६०,००० रुपयेच वसूल झाले. यंत्राचे आयुष्य दहा वर्षे धरून सरळ रेषा पद्धतीने, म्हणजे दरवर्षी समान, २०,००० रुपये घसारा (यंत्राच्या किमतीतील घट) आकारला. नफा किती झाला, रोख किती उरली आणि ताळेबंद जुळतो का, ते पाहावे. या तीन उत्तरांचा परस्परसंबंध ज्याला सांगता येतो, त्याची पहिल्या सत्राची तयारी निम्म्याहून अधिक झाली, असे मी मानतो.

उत्तर – दुसरे वर्ष

मी स्वतः विज्ञान शाखेतून एमबीएला आलो. वरील मताशी मी सहमत आहे, मात्र समीकरण समजले म्हणून रोजकीर्दीचा, म्हणजे व्यवहारांच्या तारीखवार नोंदींचा, सराव अजिबातच सोडून देऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे थोड्या नोंदी रोज हाताने लिहून, खतावणी करून तेरीज जुळवावी. न जुळलेली तेरीज शोधताना जे लक्षात येते ते व्हिडिओ पाहून येत नाही. यासाठी बालभारतीचे अकरावी वाणिज्य शाखेचे पुस्तपालनाचे पाठ्यपुस्तक पुरेसे आहे व ते संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते. त्यानंतर एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातील कंपनीची वित्तीय पत्रके आणि रोख प्रवाह पत्रक हे भाग घ्यावेत, कारण एमबीएच्या वर्गात एकल मालकाच्या दुकानापेक्षा कंपनीचीच चर्चा अधिक होते. भागीदारीचे विसर्जन, हुंड्या वगैरे प्रकरणे सध्या वगळली तरी चालतील.

यंत्रशाळा

दोघांचेही मनापासून आभार. उदाहरण सोडवले. नफा ७०,००० रुपये येतो. रोख २,१०,००० रुपये, ग्राहकांकडून येणे १,८०,००० रुपये आणि घसारा वजा जाता यंत्र १,८०,००० रुपये, अशी एकूण मालमत्ता ५,७०,००० रुपये होते व ती भांडवल अधिक नफा यांच्याशी जुळते. परंतु यंत्राची खरेदी बाजूला ठेवली तरी व्यवहारातून रोख ९०,००० रुपयांनी कमीच झालेली दिसते. नफा असताना असे कसे होते? शिवाय रोख प्रवाह पत्रकात घसारा नफ्यात मिळवतात असे वाचले; मग घसाऱ्यातून पैसे येतात असे समजावे का?

उत्तर – खतावणी

आकडे अचूक आहेत. घसाऱ्यातून पैसे येत नाहीत. यंत्राचे पैसे खरेदीच्या दिवशीच गेले. घसारा म्हणजे त्या खर्चाची वर्षागणिक केलेली वाटणी होय. नफा काढताना तो वजा केलेला असतो, पण त्यासाठी या वर्षी रोख बाहेर गेलेली नसते, म्हणून ती वजाबाकी फक्त मागे घ्यायची असते. उलट, १,८०,००० रुपयांची विक्री नफ्यात धरली गेली आहे, परंतु तिचे पैसे हाती आलेले नाहीत. म्हणून ७०,००० अधिक २०,००० वजा १,८०,००० असे करून आपले उणे ९०,००० मिळतात. उपार्जन तत्त्वानुसार विक्री झाली की उत्पन्न धरले जाते, वसुली झाल्यावर नव्हे. नफा दाखवणारा व्यवसाय पगाराच्या दिवशी अडचणीत का येतो, याचे कारण पुष्कळदा याच ओळीत सापडते.

हे पक्के झाले की ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या संगणक-सेवा कंपनीच्या अध्यक्षांनी संचालक मंडळाला लिहिलेले कबुलीपत्र अवश्य वाचावे. ५,०४० कोटी रुपयांची अस्तित्वात नसलेली रोख व बँक शिल्लक, ३७६ कोटींचे अस्तित्वात नसलेले येणे व्याज, १,२३० कोटींचे न दाखवलेले देणे आणि ४९० कोटींनी फुगवलेले येणे, अशा चार बाबी त्यात आहेत आणि चारही ताळेबंदातील आहेत. वाचताना प्रत्येक बाब समीकरणाच्या कोणत्या बाजूला बसते ते लिहून काढावे. खोटा नफा दाखवला की ताळेबंद जुळवण्यासाठी खोटी मालमत्ता उभी करावी लागते अथवा खरे देणे लपवावे लागते, हे त्यातून फार स्पष्टपणे दिसते.

उत्तर – दुसरे वर्ष

एक पुरवणी जोडतो. शेवटच्या दोन आठवड्यांत आपल्या परिचयाच्या क्षेत्रातील शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. आपण चाकणला असल्याने वाहन उद्योगातील कंपनी सोयीची पडेल. बँकेचा अहवाल पहिल्यांदा घेऊ नये, कारण त्याच्या ताळेबंदाची रचनाच निराळी असते. अहवालात एकल (फक्त त्या कंपनीची) आणि एकत्रित (उपकंपन्यांसह) अशी दोन प्रकारची पत्रके असतात, त्यांपैकी आधी एकल वाचावीत. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्यामुळे एका कंपनीचे पत्रक वाचता आले की दुसरीचेही वाचता येते. ग्राहकांकडील येणी सहा महिन्यांच्या आतली किती आणि तीन वर्षांहून जुनी किती, याचा तक्ताही २०२१ पासून टिपांमध्ये द्यावा लागतो. वरील उदाहरणातील १,८०,००० रुपये त्या तक्त्यात कोणत्या रकान्यात गेले असते, हा प्रश्न मनात ठेवूनच तो पाहावा.