आजीच्या आठवणींच्या पुस्तकात ताटातुटीची वर्षे लिहावीत की वगळावीत?

प्रश्न : नात, अलिबाग

सर्वांना नमस्कार. माझी आजी गेल्या महिन्यात इस्रायलमधील लोद येथे वयाच्या ९६व्या वर्षी निवर्तली. तिचा जन्म रेवदंड्याचा. आमचे घराणे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी (ज्यू), पूर्वी तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातले. १९६२ साली आजोबा, आजी आणि दोन्ही मामा मुंबईहून तिकडे गेले. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती. पणजीने गाव सोडण्यास साफ नकार दिला, आणि म्हातारे माणूस एकटे पडू नये म्हणून आईला तिच्या सोबतीला ठेवण्यात आले. वर्ष-दोन वर्षांत दोघींना बोलावून घ्यायचे, असे ठरले होते. ते कधीच घडले नाही. पुढे पणजी अंथरुणाला खिळली, आईचे लग्न अलिबागेतच झाले, आणि दोन्ही देशांत १९९२ साली पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यानंतर, १९९३ साली, आजी प्रथम माघारी आली. मायलेकींची भेट झाली ती इतक्या वर्षांनी.

आम्ही नातवंडे मिळून आजीच्या आयुष्यावर एक छोटे पुस्तक तयार करत आहोत. तिकडच्या मामेभावंडांचे म्हणणे असे, की हा भाग वगळावा, कारण तो छापल्यास गेलेल्या माणसांवर ठपका येतो. मला मात्र वाटते, की आजीने जन्मभर जे मनात वागवले तेच काढून टाकले, तर मागे उरेल ती दुसरीच कोणी बाई असेल. आपले मत हवे आहे. शिवाय तिच्या रेवदंड्यातील वर्षांची माहिती कशी मिळवावी, तेही कृपया सुचवावे, कारण तिच्या बरोबरीचे आता गावात कोणी उरलेले नाही.

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक, रेवदंडा

आपल्या आजींना माझा नमस्कार. बरोबरीचे गेले, तरी त्यांच्या शेजारणींच्या सुना-लेकी अजून आहेत, त्यांना गाठा. मात्र ‘आजी कशा होत्या’ असे विचारलेत, तर ‘फार चांगल्या होत्या’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी सणावारांबद्दल विचारा. नव्याचा सण, दार फाळणीचा सण, बिरड्याचा रोजा ही नावे काढली, की आमच्या आळीतल्या ऐंशीच्या घरातील बायका आजही आपणहून बोलू लागतात. माझी आई दर वर्षी नव्याच्या सणाआधी शेजारच्या बेने इस्रायल घरी चिकाचा हलवा घोटायला जात असे. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चिक नारळाच्या दुधात शिजवायचा आणि तो पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत हात थांबवायचा नाही. एकीचा हात भरून आला, की दुसरीने कालथा घ्यायचा. मांसाहारी जेवणानंतर गाईम्हशीचे दूध त्यांना चालत नसल्यामुळे हलव्यापासून कालवणापर्यंत सर्वत्र नारळाचेच दूध असे, आणि त्यासाठी आमच्या वाडीतले नारळ जात. त्या कालथ्याभोवती घराघरांतल्या किती गोष्टी निघत असतील! आपल्या आजींचे लग्न, बाळंतपणे, पणजींचा करारी स्वभाव हे सारे तिथेच सापडेल.

सनावळ्यांसाठी एक उपाय सांगतो. १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट रेवसला येताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या तालुक्यातील त्या पिढीचे प्रत्येक घर ‘रामदासच्या आधी’ आणि ‘रामदासच्या नंतर’ असाच काळ मोजत आले आहे. तसेच विचारा, म्हणजे वर्षे आपोआप लागतील.

ताटातुटीबद्दल माझे मत विचाराल तर अवश्य लिहावे.

प्रतिसाद : मूळचे पेणचे, सध्या दिमोना (इस्रायल)

मी इथेच वाढलो, पण घरात मराठीच बोलत आलो. आपण दिलेले १९६२ हे साल वाचून थांबलो, आणि केवळ त्यासाठी हे लिहीत आहे. त्याच १९६२ साली इथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या होत्या, की बेने इस्रायल वधू किंवा वराचा विवाह इतर यहुदी घराण्यात होत असल्यास त्यांच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची वंशचौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळून, सुंता करून, शमा ही प्रार्थना म्हणत आलेल्या आमच्या माणसांना हा घाव फार खोल बसला. निदर्शने झाली, धरणी धरली गेली. अखेर १९६४च्या ऑगस्टमध्ये संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि धर्मपीठाला त्या सूचनांतून आमच्या समाजाचे नाव काढावे लागले.

आपल्या आजी नेमक्या या दिवसांत पोहोचल्या. लग्नाच्या वयाकडे निघालेली मुलगी अशा जागी आणावी की नाही, हा प्रश्न त्या वेळी कितीतरी घरांत होता. माझ्या आत्याच्या बाबतीतही तो झाला. आपल्याकडे तेच कारण होते असे मी म्हणत नाही. परंतु मामांना विचारल्याशिवाय ‘विसरले’ किंवा ‘टाळले’ असे कोणीही मनाशी धरू नये.

प्रतिसाद : गृहिणी, मुरूड

वरील दोघांचे पटते, तरी एक गोष्ट राहून जाते आहे. मागे राहिली ती आपली आई. पुस्तक आजींचे असले, तरी ही वर्षे आईंचीही आहेत. त्यांची संमती प्रथम घ्यावी, आणि त्या नको म्हणाल्या, तर भावंडांशी वाद न घालता तिथेच थांबावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मुरूडच्या ताईंचे म्हणणे मनाला लागले, म्हणून आधी आईशी बोलले. तिने काही न बोलता आजीच्या एरोग्रामांचा गठ्ठा काढून समोर ठेवला. निळ्या कागदावर समासापर्यंत, आणि समास संपल्यावर घडीच्या पट्टीवरही, आजीने बारीक अक्षरात लिहिले आहे. वालाला मोड किती आले, आमसुले कोणाबरोबर पाठवता येतील, पणजीचा खोकला कसा आहे, असे प्रश्न पत्रापत्रांतून आहेत. १९६३च्या एका पत्रात पणजीला उद्देशून असे आहे : ‘पोरीला एवढ्यात धाडू नकोस. इथे आपल्यालाच विचारतात, तुम्ही कोण म्हणून. तिला कुणी तसे विचारलेले मला सोसायचे नाही.’ दिमोनाच्या काकांनी लिहिले नसते, तर या ओळींचा संदर्भ मला लागला नसता. हे पत्र मामेभावंडांना वाचून दाखवले, आणि ते जसेच्या तसे छापावे, असे आता त्यांचेच म्हणणे आहे. आईनेही होकार दिला. फक्त स्वतःची उत्तरे छापू नयेत, अशी तिची अट आहे, आणि ती मी पाळणार आहे.

रेवदंड्याच्या गुरुजींना विनंती, की पुढच्या रविवारी मी आपल्या आळीत येऊ का? १९४९ सालच्या आजीच्या लग्नातील एखादे छायाचित्र कोणाच्या घरी असल्यास तेही पाहायला मिळावे, अशी इच्छा आहे.