फंक्शन बरोबर उत्तर दाखवतंय, मग बाहेर नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) का येतंय?

बीकॉमवाला_पायथन:
प्रोग्रामिंगसाठी पायथन आत्ताच चालू केलंय. जीएसटीचं साधं फंक्शन लिहिलं, नाव एकूण, कंसात रक्कम, आत रकमेवर १८ टक्के लावून बेरीज प्रिंट केली. ५०० टाकले की ५९०.० येतं, म्हणजे हिशेब बरोबर आहे. पण तेच बिल नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि त्यात डिलिव्हरीचे ४० मिळवायला गेलो की टाइपएरर, म्हणे ननटाइप आणि इंटची (पूर्णांकाची) बेरीज होत नाही. अरे पण ५९०.० स्क्रीनवर दिसतंय ना, मग हा नन आला कुठून??

कोडवाली_ताई:
प्रिंटने आकडा फक्त स्क्रीनवर दाखवला रे, जिथून फंक्शन कॉल केलंस तिथे काहीच परत आलं नाही. फंक्शनमध्ये रिटर्न (उत्तर परत देणारी ओळ) नसेल तर पायथन गपचूप नन परत देतो, तोच तुझ्या बिलमध्ये जाऊन बसलाय. आतला प्रिंट काढ, तिथे रिटर्न टाक, मग ४० मिळवले की ६३०.० येईल. प्रिंट बाहेर कर, हवा तेव्हा. क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून सगळं प्रिंटनेच शिकवतात त्यामुळे हा घोळ होतोच.
आणि नाव मराठीत ठेवलंस ते भारी, पायथन ३ मध्ये चालतं. डेफ (फंक्शन लिहायला सुरुवात करतो तो शब्द), रिटर्न मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात.

रात्रपाळी_डेव्ह:
१८ आत पक्कं लिहू नकोस. डेफच्या ओळीत रक्कम, मग स्वल्पविराम देऊन दर = १८ असं लिही. कॉल करताना नुसते ५०० दिलेस तर १८च धरेल, ५०० आणि ५ दिलेस तर ५२५.० येईल, ५ टक्केवाल्या मालाला वेगळं फंक्शन नको. आणि रिटर्न झालं की फंक्शन संपलं, त्याच्या खाली लगेच काही लिहिलंस तर ते चालतच नाही, एररही येत नाही, नुसतं शोधत बसायचं.

बीकॉमवाला_पायथन:
रिटर्न टाकलं, ६३०.० आलं!! पण आता खाली प्रिंटमध्ये नुसतं एकूण लिहिलं तर फंक्शन एकूण ॲट शून्य एक्स आणि पुढे कसलातरी लांबलचक नंबर येतोय

कोडवाली_ताई:
कंस राहिले 😄 कंसाशिवाय लिहिलंस की ते फंक्शन स्वतःच, कॉल होतच नाही. कंस दे, आत रक्कम दे.

रात्रपाळी_डेव्ह:
थॉनी (पायथन लिहायचं ॲप) टाकून बघ, फुकट आहे. त्याच्या डीबगरमध्ये (कोड एकेक पायरीने चालवून दाखवतो तो) स्टेप इन्टू करत गेलास की फंक्शन कॉल झाल्यावर वेगळी खिडकी उघडते, रक्कम किती, दर किती, परत काय गेलं सगळं समोर दिसतं.