प्रतिसाद: डेटोना की घिब्ली?
डेटोना आणि घिब्ली या दोन जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्या. फेरारी डेटोनाला बारा सिलिंडर आणि मासेराती घिब्लीला आठच, म्हणून जुन्या गाड्यांच्या संग्राहकाने घिब्लीला दुय्यम मानावे, असे मत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. १९६८ साली आलेल्या डेटोनाची गिअरपेटी मागच्या आसाजवळ बसवलेली असल्याने वजनाची विभागणी उत्तम साधते आणि भरवेगात ती गाडी फार स्थिर असते, यात वाद नाही. मात्र पेटीतले तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर अडखळतो आणि शहरात स्टिअरिंग फार जड जाते. घिब्लीच्या ४.७ लिटर व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांच्या) इंजिनाचे मूळ ४५०एस या शर्यतीच्या गाडीत आहे, त्यामुळे त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तिचे खरे उणेपण मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत आहे. खराब रस्त्यावर मागची बाजू उसळते. तरीही डिझायनर जुजारोने घिआ या इटालियन डिझाइन कंपनीत असताना रेखाटलेला तो लांबलचक, बुटका आकार मला डिझायनर फिओरावांतीने रेखाटलेल्या डेटोनापेक्षा देखणा वाटतो. खरेदीपूर्वी दोन्हींच्या पोलादी पत्र्याखालचा गंज तपासावा आणि चासी व इंजिनाचे क्रमांक मूळ नोंदींशी जुळवून पाहावेत. छप्पर कापून नंतर स्पायडर (उघड्या छताची गाडी) केलेल्या डेटोनाही विक्रीला येत असल्याने तिच्या बाबतीत ही पडताळणी टाळूच नये.