नाताळ, फराळ आणि सोलापूर: तुमच्या घरी काय काय व्हायचं?

रेल्वेलाईन्सची_लेक

काल ऑफिसात एकीने विचारलं, "ख्रिसमसला तुमच्यात टर्की करतात ना?" मी म्हटलं, बाई, मी सोलापूरची. आमच्यात पंचवीसला सकाळी उपासना आणि दुपारी मटण-भाकरी. टर्की मी आजवर फक्त टीव्हीवर पाहिलीय. बिचारी हिरमुसली. मग चकल्या, करंज्या, अनारसे सांगितले तर म्हणते, "म्हणजे दिवाळीच की!" हो, दिवाळीच. फक्त उशिरा येणारी. आणि तोवर शेजाऱ्यांचे दिवाळीचे डबे खडखडीत रिकामे झालेले असायचे, त्यामुळे आमच्या फराळाला भाव जास्त.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून धागा काढला.

डिसेंबर अर्धा सरला की मम्मी अनारशाचे तांदूळ भिजत घालायची. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं, ते काम माझं. नानकटाई आत्याची. १ किलो मैदा, अर्धा किलो डालडा, अर्धा किलो पिठीसाखर, वेलदोडा अंदाजाने. डालडा परातीत घ्यायचा आणि तळहाताने फेसत बसायचं. थंडीत तो आधी हलायलाच तयार नसायचा. मग हळूहळू पांढरा व्हायचा, हलका व्हायचा. आत्या बोटाने एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडायची. तरंगला तर मैदा घाला, बुडाला तर फेसा अजून. माझा हात भरून आला की म्हणायची, "अगं, तुझ्या वयात आम्ही पायलीपायलीने दळण दळलं." (आत्याच्या घरी गिरणी समोरच होती. पण कोण बोलणार?)

ट्रे बेकरीतूनच आणायचे, पत्र्याचे, काळेकुट्ट. घरी भरायचे, पपा सायकलवरून भट्टीवर न्यायचे. भाजून आल्यावर घरात जो वास सुटायचा, तो अजून कुठल्या दुकानातल्या केकला आला नाही.

आणि कॅरल पार्टी! रात्री दोन-अडीचला दारात. पेटी, ढोलकी, टाळ. रेव्हरंड टिळकांची भजनं, मग एखादं इंग्रजी कॅरल ज्याला जशी येईल तशा चालीत. चहाचं आधण तयार ठेवायचं आणि खारी-नानकटाई. सगळी गल्ली जागी व्हायची, पण कुणी कधी तक्रार केली नाही.

तुमचं लिहा. ख्रिस्ती असायची अट नाही. नाताळच्या सुट्टीत घरात जे शिजलं ते चालेल.

कडक_भाकरी

काय बे, सकाळी सकाळी भूक लावलीस.

आम्ही शेजारपाजारचे. वाड्यात दोन घरं ख्रिश्चन. दिवाळीत आई त्यांना फराळाचं ताट द्यायची आणि ते ताट नाताळपर्यंत तिकडंच. रिकामं कसं परत करायचं? मधे आईला ते ताट लागायचं, पाहुणे आले की जास्तच, पण मागायची नाही. पंचवीसला यायचं, वर क्रोशाचा रुमाल, खाली लाडू, चकल्या, केकचे जाड तुकडे. केकात अंडं म्हणून आजी हात लावायची नाही. आजीच्या सोवळ्याला आम्हा भावंडांचा मनापासून पाठिंबा होता.

अनिता_बी

धागा पूर्ण वाचला नाही, कुकर लावलाय. पण अनारशांचा विषय निघालाच आहे तर सांगा. माझे परवा सगळे हसले. तेलात सोडले की भसाभसा विरघळले. पीठ विकतचं होतं. काय करू?

रेल्वेलाईन्सची_लेक

गूळ जास्त झालाय किंवा पीठ ओलसर आहे. थोडं तांदळाचं कोरडं पीठ मिसळ आणि आधी एकच सोडून बघ. खसखस वरच्या बाजूला, आच मंद, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं.

सत्तरीतली_सुगरण

बरोबर सांगितलंस बाळ. आणि अनिता, कुणी केळं घाल म्हटलं तर ऐकू नको. ते पीठ कोरडं पडलं तर घालतात, हसणाऱ्या पिठात नाही. माझ्या जावेने असंच ऐकून घातलं होतं, शेवटी त्याची धिरडी केली.

वेटिंगलिस्ट_३७

तुम्ही खा. मी इथं मुंबईत बसून २४ तारखेच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं वेटिंग मोजलालोय.

कडक_भाकरी

पुण्यापर्यंत काहीही करून ये की बे. संध्याकाळची हुतात्मा धर, रात्री घरात.

वेटिंगलिस्ट_३७

तिचंही बघितलं. तिथं तर माझ्यापुढं आख्खं हडपसर उभं आहे.

भट्टीवाल्याचा_पोरगा

ते ट्रे आमच्याकडे यायचे. तुमचेच असं नाही, पण असेच.

अब्बांची बेकरी होती, लाकडाची भट्टी. आता त्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पहाटे पाव निघायचे. पाव निघाल्या निघाल्या भट्टी इतकी तापलेली असते की नानकटाई घातली तर कोळसा होईल. म्हणून घरचे ट्रे दुपारी, ताव उतरल्यावर. हे बायकांना माहीत होतं, तरी सकाळी दहाला रांग लागायची. कारण नंबर. अब्बा आत हात घालून मनात काहीतरी मोजायचे. हात कधी काढतात त्यावरून त्यांना कळायचं, आता पाव, आता टोस्ट, आता नानकटाई. थर्मामीटर वगैरे आमच्याकडे कधी आलंच नाही.

खरी भानगड ट्रे ओळखायची. चिठ्ठी लावली तर जळते. खडूने लिहिलं तर पुसतं. मग बायकांनीच खुणा काढल्या. कुणाच्या नानकटाईवर चारोळी, कुणाच्या वेलदोड्याचा दाणा, कुणी काटेचमच्याने दोन रेघा मारायच्या, एक आजी अंगठ्याने मधोमध दाबायची. ईदच्या आधी आणि नाताळच्या आधी त्या खुणा आम्हा पोरांना पाठ असायच्या. तरी एका वर्षी दोघींनी चारोळीच लावली. दोघी बाहेर उभ्या, दोघी म्हणतात हाच माझा. अब्बांनी दोन्ही ट्रेमधली एकेक उचलली, खाल्ली, आणि सांगितलं, "हा तुमचा, यात तूप आहे. हा तुमचा, यात डालडा." डालडावाली बाई वर्षभर आमच्याकडे पाव घ्यायला आली नाही.

भाजणावळ ट्रेमागे ठरलेली, आणि वर एक नानकटाई आम्हा पोरांची. न सांगता.

रेल्वेलाईन्सची_लेक

काटेचमच्याच्या रेघा आमच्याही असायच्या!! आत्याला फोन करून सांगते. आणि तरीच म्हणते मी, मोजून नेलेल्या नानकटाया परत मोजल्या की एक कमी का भरायची. आत्या पपांवर संशय घ्यायची.

भट्टीवाल्याचा_पोरगा

पपांना माझा सलाम सांगा :)

अक्कलकोट_रोड

आमच्याकडं नाताळच्या सुट्टीत येळवस यायची. लोक ख्रिसमसला गोव्याला जातात, आम्ही शेतात.

मार्गशीर्ष अमावस्या, त्यामुळं तारीख हलती, पण बहुतेक वेळा शाळेच्या सुट्टीच्या आसपासच. आदल्या रात्री आईला, काकीला झोप नाही. आंबील आधीच करून ठेवायची, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण ठेचून, मातीच्या बिंदग्यात, म्हणजे सकाळपर्यंत बरोबर आंबते. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, शेंगाची पोळी. आणि भज्जी. नाव ऐकून पुण्याची मंडळी कांदाभजी समजतात. ही पातळ भाजी. शेतात त्या वेळी जे जे हिरवं असतं ते सगळं त्यात, हरभऱ्याचे घाटे, तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, गाजर, पालेभाजी, आणि चिंच-बेसन लावून रटरट शिजवायचं. एका घरची भज्जी दुसऱ्या घरासारखी लागत नाही. काकी त्यात अजून काहीतरी घालते, ते काकालाही सांगत नाही.

कडब्याची कोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा झाली की 'ओलगे ओलगे' ओरडत आंबील रानात शिंपडत फिरायचं. मग पंगत. वाटसरू दिसला तरी हाक मारून बसवायचा.

२०१९ला गंमत झाली. २६ डिसेंबरला सकाळी सूर्यग्रहण. घरात दोन तट. आजी म्हणाली ग्रहणात अन्न शिजवायचं नाही. आबा म्हणाले मग आदल्या दिवशी करू, नाहीतरी नाताळची सुट्टी आहे, पोरं आली आहेत. म्हणजे आमची येळवस त्या साली पंचवीस डिसेंबरला, आणि बांधावर जेवायला भावाचा बँकेतला मित्र, जो सकाळी चर्च करून थेट शेतात आला. टाय लावून. त्याने उंडे इतके खाल्ले की आजी म्हणाली, "ह्याला दरवर्षी बोलवा, ग्रहण असू दे नाहीतर नसू दे."

पूर्वभाग_अण्णा

आमच्या पूर्व भागात तेलुगू मंडळी. आमची आई संक्रांतीला अरिसेलु आणि सकिनालु करते. समोरच्या तेलुगू ख्रिस्ती काकू अरिसेलु नाताळला करतात. म्हणजे आम्हाला जानेवारी संपेपर्यंत अरिसेलु. तांदळाचं पीठ, गुळाचा पाक, तिळ लावून तळायचे आणि मग दोन झाऱ्यांत दाबून तेल काढायचं. दाबायला ताकद लागते, म्हणून पोरांना बोलावणं. बाबा यंत्रमागावरून आले की तेही दाबायला बसायचे. तेल निघालेलं बघण्यात काय सुख असतं ते डॉक्टरांना कळत नाही.

अनिता_बी

अपडेट: कोरडं पीठ मिसळलं, आता हसत नाहीयेत. नुसते बघताहेत. फुलत नाहीत जास्त.

सत्तरीतली_सुगरण

दोन दिवस मुरू दे पीठ. घाई कसली आहे?

अनिता_बी

नवऱ्याला.

मोदीतला_माणूस

मम्मी गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. फराळ करायचा नाही असं ठरलं होतं. परवा ऑफिसातून आलो तर पपा स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी काढलेली, रबर काढलेलं, तळाला मीठ पसरलेलं, वर भांडं. मोबाईल फळीवर उभा करून कुठल्यातरी बाईचा व्हिडिओ चालू होता. मला बघून म्हणाले, "दार लाव, वारा येतो." जन्मात चहा केला नाही या माणसाने.

केक मधे बसला. चव चांगली होती. टुटीफ्रुटी सगळी खाली गेली होती, ती पपांना टोचली. उद्या परत करणार आहेत म्हणे.

रेल्वेलाईन्सची_लेक

टुटीफ्रुटीला आधी चमचाभर मैदा चोळायला सांग त्यांना. आणि पंचवीसला दोघं आमच्याकडे जेवायला या. मी २३ला सोलापुरात पोचतेय. नाही म्हणू नका.

कडक_भाकरी

भाऊ, पपांचा केक इकडंही पाठव. टुटीफ्रुटी खाली असली तरी चालेल, आम्ही ताट उलटं करून खाऊ.

मोदीतला_माणूस

सांगतो त्यांना. धन्यवाद ताई. येऊ.

हुरडा_हवाय

नाताळच्या सुट्टीत हुरडा कुणालाच आठवला नाही? कमाल आहे. गुळभेंडी ज्वारी, आगटीत गोवऱ्या, गरम कणसं हातावर चोळायची, दही, गूळ, शेंगाची चटणी. आमचे सगळे चुलत-मावस याच आठवड्यात जमायचे. यंदा कुठं मिळेल? रिसॉर्ट सांगू नका. तिथं हुरड्याबरोबर डीजे असतो.

अक्कलकोट_रोड

आमच्याकडं या. अजून कोवळा आहे, जानेवारीच्या सुरुवातीला बरोबर होईल. चटणी आपापली आणायची.

कडक_भाकरी

चटणी उखळातली आण. मिक्सरवाली पीठ होते नुसती. कांडली की शेंगदाण्याचं तेल सुटून गोळा झाला पाहिजे.

वेटिंगलिस्ट_३७

शाकाहारी चर्चा पुरे झाली. ताई, मटणाचं लिहा.

रेल्वेलाईन्सची_लेक

हाहाहा. लिहिते, भाजी फोडणीला टाकलीय तेवढी बघून.

मटण पपा आणायचे. अंधारातच बाहेर पडायचे, कारण त्या दिवशी दुकानावर अख्खं चर्च उभं. पाळकसाहेबसुद्धा पिशवी घेऊन रांगेत. तिथेच सगळ्यांचं 'हॅपी ख्रिसमस' होऊन जायचं. मम्मी उपासनेला जायच्या आधी मटण हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजायला टाकायची आणि आजीला राखणीला बसवायची, कारण आजीची उपासना आदल्या रात्रीच झालेली. परत आलो की आधी अळणी, वाटीवाटीने, आम्हा पोरांना. मग कांदा-खोबरं चुलीवर भाजलेलं, काळा मसाला, आणि रस्सा दाट करायला भाजलेलं बाजरीचं पीठ. तर्री वर आली की पपा झाकण उघडून नुसते बघायचे. भाकरी आदल्या दिवशीच्या कडक, रस्स्यात चुरून. भात शेवटी, आणि तोही उरला तर.

साडी नवीन असायची, त्यावर ॲप्रन म्हणून पपांचा जुना शर्ट उलटा घालायची मम्मी. सगळे फोटो तसेच आहेत. एकातही नवी साडी दिसत नाही.

वेटिंगलिस्ट_३७

आरएसी झालं बे!! कडक_भाकरी, ऐक, आरएसी झालं.

कडक_भाकरी

ये. बसून ये, उभा राहून ये, पण ये. पंचवीसच्या दुपारी ताईकडं पंगत दिसतीय मोठी.

रेल्वेलाईन्सची_लेक

अरे थांबा! मटण किती आणायला सांगू पपांना? खरंच येणारे लोक हात वर करा.

पूर्वभाग_अण्णा

मी. अरिसेलु घेऊन.

भट्टीवाल्याचा_पोरगा

मी पण. हलाल दुकान असेल ना ताई?

रेल्वेलाईन्सची_लेक

तिथूनच आणतात दादा, पहिल्यापासून.

अनिता_बी

मी चिकन-मटण खात नाही, पण येते. अनारसे जमले तर आणते. न जमल्यास धिरडी.